वसई-विरारचा विकास आणि जमिनीचा हिशेब

जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या निवडणुकीत वसई-विरार शहर महानगरपालिका बहुजन विकास आघाडीने स्पष्ट बहुमताने पुन्हा जिंकली. अवघ्या चौदा महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, ह्याच पक्षाने वसई, नालासोपारा आणि बोईसर ह्या विधानसभेच्या आपल्या तिन्ही जागा गमावल्या होत्या आणि खुद्द हितेंद्र ठाकूर वसईत पराभूत झाले होते. आघाडीचा मृत्युलेख लिहून मोकळे झालेल्या पंडितांची त्यामुळे पंचाईत झाली. परंतु ह्या निकालात चमत्कार काही नाही. विधानसभेला मतदार राज्याचे सरकार निवडतो. महापालिकेला तो नळ, गटार आणि दाखला ह्यांसाठी ज्याच्या दारात जायचे तो माणूस निवडतो. आघाडीची माणसे दारात उभी असतात, हे तिच्या विरोधकांनाही मान्य करावे लागते.

जून २०२० मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली. तेव्हापासून साडेपाच वर्षे ह्या शहराला लोकनियुक्त नगरसेवक नव्हता. एकच अधिकारी सर्वसाधारण सभा होता, तोच स्थायी समिती होता आणि तोच अंमलबजावणी करणाराही होता. प्रस्ताव त्यानेच मांडायचा आणि मंजुरीही त्यानेच द्यायची, असा कारभार लोकशाहीच्या नावाने चालला. तो संपला हे चांगलेच झाले. आता सत्तेवर आलेल्या पक्षाच्या शहरसुधारणेच्या योजनांकडे गांभीर्याने पाहण्याची वेळ आली आहे. आणि ते पाहणे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे, कारण १९७८ आणि १९८५ साली जनता पक्षाचा आमदार निवडून देणारी हीच वसई होती. १९९० साली काँग्रेसच्या तिकिटावर तरुण ठाकूर निवडून आले, पुढे काँग्रेसपासून अलग होऊन त्यांनी स्वतःची आघाडी उभी केली, आणि तेव्हापासून तालुक्याचे राजकारण त्यांच्याभोवती फिरू लागले. त्याच सुमारास समाजवाद्यांनी ह्या भूमीवरून जो पाय काढला तो काढलाच.

स्थानिक पक्ष म्हणजे काहीतरी कमअस्सल वस्तू, असे मानण्याची राष्ट्रीय पक्षांच्या कार्यकर्त्यांना सवय असते. ती सोडावी. दिल्लीला किंवा मुंबईला विचारल्याशिवाय ज्याला उमेदवार ठरवता येत नाही अशा पक्षापेक्षा, ज्याचे सगळे पुढारी विरार-वसईच्या हद्दीतच राहतात तो पक्ष नागरिकाला जवळचा वाटला तर त्यात गैर काय? शाळा-महाविद्यालये, कला-क्रीडा महोत्सव, आजारी माणसाला रुग्णालयात खाट मिळवून देणे, ह्या वाटेने आघाडीने तीन दशके माणसे जोडली. २०१५ साली ११५ पैकी १०६ जागा एका पक्षाला मिळाल्या, त्या केवळ दहशतीने किंवा पैशाने मिळाल्या असे म्हणणे हा आपल्या निष्क्रियतेवर घातलेला पडदा आहे.

मात्र ही जवळीक जशी माणसांशी असते तशी ती जमिनीशीही असते, आणि वसई-विरारमध्ये गेली पस्तीस वर्षे सर्वांत मौल्यवान पीक जमिनीचेच निघत आले आहे. ह्या शहराच्या कोणत्याही विकासयोजनेची परीक्षा घ्यायची तर पूल किती, उद्याने किती, दिवे किती ही यादी वाचून ती होणार नाही. योजनेचा पैसा कोठून येणार आणि योजनेमुळे वाढलेली जमिनीची किंमत कोणाच्या खिशात जाणार, हे दोन प्रश्न विचारल्यावर ती होते. आजवरच्या कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्याने ह्या दोन प्रश्नांना हात घातलेला नाही.

प्रथम पाण्याचा विचार करू, कारण ह्या शहरातील प्रत्येक निवडणूक पाण्यावर लढवली जाते. उसगाव धरणातून दररोज वीस दशलक्ष लिटर, पेल्हारमधून दहा आणि सूर्या प्रकल्पाच्या दोन योजनांतून प्रत्येकी शंभर, असे सुमारे दोनशे तीस दशलक्ष लिटर पाणी अनेक वर्षे शहराला मिळत होते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सूर्येवरच ४०३ दशलक्ष लिटरची प्रादेशिक योजना बांधली. त्यातील १८५ वसई-विरारचे आणि २१८ मीरा-भाईंदरचे. वसईचा टप्पा २०२३ च्या मध्यास तयार झाला, पण उद्घाटनासाठी मोठ्या पाहुण्यांची वाट पाहण्यात काही महिने गेले. तहानलेल्या शहराच्या तोंडाशी आलेले पाणी फीत कापण्यासाठी थांबावे, हा प्रकार आपल्याकडेच घडू शकतो. आघाडीने त्याविरुद्ध आंदोलन केले, ते योग्यच केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पाणी आले.

आता साधे गणित करून पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. त्यानंतर शिरगणती पूर्ण झालेली नाही आणि २०२६ ची निवडणूकदेखील त्याच जुन्या आकड्यावर झाली. आज लोकसंख्या वीस लाख धरली तर जुन्या दोनशे तीस दशलक्ष लिटरमध्ये दरमाणशी ११५ लिटर येतात. केंद्र सरकारचा मापदंड १३५ लिटरचा आहे. नवे १८५ दशलक्ष लिटर पूर्ण क्षमतेने मिळाले तर हाच आकडा दोनशेच्या पुढे जातो. लोकसंख्या पंचवीस लाख धरली तरीही तो १६० च्या वर राहतो. म्हणजे कागदावर ह्या शहरात पाण्याचा तुटवडा उरत नाही. तरीही टँकर धावतात, तेव्हा प्रश्न पाण्याच्या साठ्याचा राहत नाही, वाटपाचा होतो. कोणत्या प्रभागात किती पाणी सोडले, गळती किती, बेकायदा जोडण्या किती, भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून नळ नाकारलेली कुटुंबे किती, ह्याचा प्रभागवार तक्ता महापालिकेने दरमहा प्रसिद्ध करावा. त्याला एक नवी वीट लागत नाही. परंतु जलवाहिनीच्या भूमिपूजनाचा फोटो छापता येतो, तक्त्याचा छापता येत नाही.

ह्या पाण्याला आणखी एक बाजू आहे आणि ती शहरातील कोणताही पक्ष बोलून दाखवत नाही. सूर्या नदीवरचे धामणीचे धरण डहाणू, विक्रमगड, पालघर भागातील आदिवासींच्या शेतीला पाणी मिळावे म्हणून बांधले गेले. त्यांच्या कालव्याचे पाणी नळातून शहरांकडे वळत गेले आणि त्याला आदिवासींच्या संघटनांनी विरोधही केला. शहराला पाणी नको असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या शहराला दुसऱ्याच्या शेताचे पाणी मिळते त्याने ते मोजून वापरणे आणि आपले सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे, एवढी किमान परतफेड तरी केली पाहिजे.

येथेच सगळ्या योजनांचे बिंग फुटते. घरात येणाऱ्या पाण्याच्या सुमारे ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. म्हणजे नवे पाणी पूर्ण आल्यावर शहर दररोज तीनशे तीसच्या आसपास दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण करणार. त्यासाठी वर्षानुवर्षे शहराकडे दाखवण्यासारखे एक बोळिंजचे तीस दशलक्ष लिटरचे केंद्र होते. बाकीचे सांडपाणी नाल्यांतून खाडीत आणि समुद्रात जाते, हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. ज्यांनी पाणी आणले त्यांनी मते मिळवली; ते पाणी जाणार कोठे हे सांगायला कोणी पुढे आले नाही.

सांडपाण्याची केंद्रे का झाली नाहीत, ह्याचे उत्तर नालासोपारा पूर्वेच्या एका भूखंडावर सापडते. अग्रवाल नगरीजवळ सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि कचराभूमी ह्यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर आणि लगतच्या खाजगी जागेवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ ह्या काळात त्या सर्व पाडल्या गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांच्याजवळ खरेदीचे कागद होते, वीजबिले होती, काहींजवळ घरपट्टीच्या पावत्या होत्या. न्यायालयाचा निर्णय कायद्याला धरून होता, त्याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. वाद आहे तो ह्याचा की, आराखड्यात ज्या जमिनीवर शहराची गटारे शुद्ध व्हायची होती त्या जमिनीवर एकेक मजला चढत असताना महापालिकेचे प्रभाग कार्यालय, नगररचना विभाग, वीज कंपनी आणि दस्त नोंदवणारा निबंधक ह्यांपैकी एकालाही ते दिसले नाही. ह्या इमारतींचे बांधकाम झाले तेव्हा पालिकेत आघाडीची सत्ता होती. त्या पडल्या तेव्हा प्रशासकाची. शासन सर्व काळ राज्याचे होते. ह्यातून कोणी एक सुटत नाही.

त्यानंतर सहाच महिन्यांनी, २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरार पूर्वेला विजयनगरमध्ये रमाबाई अपार्टमेंट ही इमारत कोसळून १७ माणसे दगावली. तीही बेकायदाच होती.

बेकायदा बांधकामांवर संताप व्यक्त करणे सोपे असते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र विचारले पाहिजे की, ती घरे विकत घेणारा कोण होता आणि त्याने ती का घेतली. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातून उठलेली कुटुंबे, लालबाग-परळच्या खोल्या विकून भावाभावांत वाटणी करून निघालेली कोकणी माणसे, पुढे उत्तर भारतातून आलेले कारागीर, वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत बारा तास राबणारे कामगार, ह्या सर्वांना विरार लोकलच्या अंतरात परवडेल असे घर हवे होते. अधिकृत घराच्या किमतीत जमिनीची किंमत, विकास शुल्क, अधिमूल्य आणि वरचे न लिहिलेले खर्च येतात. अनधिकृत घरात ह्यांतले बरेचसे वगळले जाते, म्हणून ते निम्म्या किमतीत मिळते. म्हणजे ह्या शहरात गरिबांसाठी प्रत्यक्षात राबवली गेलेली एकमेव गृहनिर्माण योजना बेकायदा बांधकाम हीच होती. तिचा नफा बांधणाऱ्याने आणि त्याला वाट करून देणाऱ्याने घेतला. टँकरचे पैसे, पावसाळ्यातील पूर, कोसळणारी भिंत आणि शेवटी बुलडोझर हे सर्व घेणाऱ्याच्या वाट्याला आले. जोपर्यंत परवडणाऱ्या अधिकृत घराची योजना नाही तोपर्यंत ४१ पाडल्या तर ८२ उभ्या राहतील. कायदा कठोर करून मागणी नाहीशी होत नाही.

आता ह्या जमिनीचा इतिहास. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईची शेतजमीन बिगरशेती वापरासाठी मोठ्या प्रमाणावर खुली करण्याचे धोरण आले आणि १९९० मध्ये सिडकोला येथील नियोजनाचे अधिकार दिले गेले. त्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली जे आंदोलन उभारले, त्याची टवाळी 'विकासविरोधी' म्हणून झाली. पश्चिमेकडच्या वाड्या, त्यांतील केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला, विहिरी आणि बावखले ही शहराची चैन नाही, त्याच्या पाण्याची व्यवस्थाच आहे, असे समिती सांगत होती. बावखल म्हणजे वाडीतला खोलगट पाणसाठा. पावसाचे पाणी त्यात मुरायचे आणि विहिरींना गोडे ठेवायचे. ज्याने कोणी ती पद्धत बसवली त्याच्याजवळ पदवी नव्हती, पण समुद्राकाठच्या जमिनीचे शास्त्र त्याला ठाऊक होते. पुढे टँकरवाल्यांनी विहिरी उपसल्या, बावखले मातीने भरली गेली, मिठागरांच्या आणि खाजणाच्या सखल जागांवर भराव झाला.

जुलै २०१८ मध्ये निसर्गाने हिशेब मांडला. शहर पाण्याखाली गेले, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, मिठागराच्या वस्तीतील माणसे अडकून पडली. त्यानंतर महापालिकेने पवईच्या आयआयटीला आणि नागपूरच्या नीरी संस्थेला अभ्यास करायला सांगितले. तज्ज्ञांनी ज्या गोष्टी सुचवल्या त्यांत पावसाचे पाणी साठवून धरणारे तलाव ही एक ठळक सूचना होती. म्हणजे फिरून बावखलच, फक्त यंत्राने खोदलेले आणि कोटींच्या अंदाजपत्रकाचे! दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये गेले. त्यांना श्रद्धांजली वाहणाऱ्यांत सर्व पक्ष होते.

शहराच्या आराखड्याची गोष्ट तर अधिकच उद्बोधक आहे. सिडकोने तयार केलेला, २००१ ते २०२१ ह्या काळासाठीचा विकास आराखडा शासनाने मंजूर केला २००७ मध्ये. वीस वर्षांच्या योजनेतील सहा वर्षे मंजुरीतच सरली. २००९ च्या जुलैमध्ये वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार ह्या चार नगरपालिका आणि पन्नासहून अधिक गावे एकत्र करून महापालिका झाली आणि पुढल्या वर्षी नियोजनाचे अधिकार तिच्याकडे आले. आराखड्यात शाळा, दवाखाने, मैदाने, बाजार, स्मशाने, सांडपाणी केंद्रे ह्यांसाठी जागा राखून ठेवलेल्या होत्या. अशी जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियमाच्या १२७ व्या कलमान्वये मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण गळून पडते. महापालिकेने काही करू नये, एवढेच मालकाला पुरते. काही न करण्याला लाच लागते की आळस पुरेसा असतो, ह्याचा तपास तपास यंत्रणांनी करावा. अर्थशास्त्राच्या दृष्टीने परिणाम एकच. लोकांच्या मैदानाची किंमत खाजगी सदनिकांच्या किमतीत मिसळून जाते.

आराखड्याची मुदत २०२१ मध्ये संपली. पुढच्या दोन दशकांची योजना ज्या सभागृहापुढे यायची ते सभागृह आता अस्तित्वात आले आहे. आघाडीच्या हाती खरी सत्ता आहे ती येथे. रस्ते, पूल, दिवे हे प्रशासकानेही केलेच असते.

अर्थात, स्थानिक पक्षाच्या हातात सर्व काही नसते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. जकात गेली, मग वस्तू व सेवा कर आला, आणि महापालिका शासनाच्या नुकसानभरपाईवर जगू लागल्या. स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न दोनच: मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगीतून येणारी शुल्के व अधिमूल्ये. पहिला वाढवला तर मते जातात. म्हणून सर्व महापालिका दुसऱ्याकडे वळतात. शहराला पाणी द्यायचे तर पैसा हवा, पैसा हवा तर आणखी चटईक्षेत्र विकले पाहिजे, आणि चटईक्षेत्र विकले की आणखी माणसे येतात व पुन्हा पाणी कमी पडते. सावकाराचे व्याज भागवण्यासाठी त्याच सावकाराकडून नवे कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याचीच ही अवस्था आहे. शिवाय मोठे निर्णय शहराबाहेर होतात. विरार-अलिबाग मार्गिका, विरारला येणारे बुलेट ट्रेनचे स्थानक, उत्तन-विरार सागरी पूल ह्यांपैकी एकही योजना वसई-विरारच्या सभागृहात जन्मली नाही. पण ह्या प्रत्येक योजनेच्या घोषणेबरोबर आसपासच्या जमिनीचा भाव चढतो, आणि चढलेल्या भावातील कवडीही महापालिकेच्या तिजोरीत येत नाही. मालकाने त्यासाठी काही केलेले नसते. जॉन स्टुअर्ट मिलपासून अर्थशास्त्रज्ञ ह्याला अनर्जित वाढ म्हणत आले आहेत. नागरी कमाल जमीन धारणा कायदा १९७६ साली निदान ह्या प्रश्नाकडे बोट दाखवण्यासाठी आला होता. त्याची अंमलबजावणी भ्रष्ट झाली म्हणून २००७ मध्ये महाराष्ट्राने तो रद्द केला. पोलीस लाच खातात म्हणून फौजदारी कायदा रद्द करण्याची सूचना अजून कोणी केलेली नाही.

त्याच कायद्याखालच्या जमिनीवर दिंडोशीला मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने हजारो कुटुंबांची अधिकृत वसाहत उभी केली, हे समाजवादी कार्यकर्त्यांना आठवत असेल. वसईपासून ते अंतर लोकलने तासाभराचेही नाही. दूरचे उदाहरण हवे असेल तर व्हिएन्नाचे आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथील समाजवादी पक्षाच्या हाती फक्त शहर होते. देशाचे सरकार विरोधकांचे होते. म्हणजे परिस्थिती पुष्कळशी आघाडीसारखीच. त्या पक्षाने १९२३ मध्ये घरांवर चढत्या दराचा कर बसवला. बंगलेवाल्याला जास्त आणि मजुराच्या खोलीला नाममात्र. त्या पैशांतून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे बांधली आणि ती नगरपालिकेच्याच मालकीची ठेवली. फॅसिस्टांनी तोफा डागून ते राज्य बुडवले, पण घरे उभी राहिली आणि आजही तेथे लोक माफक भाड्याने राहतात. वसई-विरारला व्हिएन्नाचे अधिकार नाहीत, हे खरे. मालमत्ता कराचा दर बंद पडलेल्या सदनिकांना आणि मोठ्या गोदामांना वेगळा लावता येईल की नाही, आणि त्यासाठी शासनाकडून काय मागून घ्यावे लागेल, एवढा विचार तरी करता येतो.

गावांचा प्रश्न ह्यापासून वेगळा नाही. महापालिकेत जायला वाड्यांच्या गावांनी विरोध केला. २००९ मध्ये विवेक पंडित त्याच प्रश्नावर विधानसभेत निवडून गेले. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, तो न्यायालयात अडकला, आणि २०२४ मध्ये शासनानेच ती गावे महापालिकेत ठेवण्याचे ठरवले. तेरा वर्षे गावकरी घरपट्टी भरत होते, पण आपण कोणाच्या राज्यात आहोत हे त्यांना निश्चित सांगता येत नव्हते. त्यांची भीती साधी आहे. गटार, रस्ता आणि कर ह्यांबद्दल त्यांची तक्रार नाही. हरित पट्टा उठेल आणि मुलगा वाडी विकेल, ह्याची आहे. प्रादेशिक आराखड्याच्या वेळी वसईतून हजारो हरकती गेल्या त्या ह्याच भीतीपोटी. आघाडीला ह्या गावांचा विश्वास हवा असेल तर नव्या आराखड्यात हरित पट्ट्याला हात लावणार नाही, असा ठराव सभागृहात नावनिशीवार मतदानाने करून घ्यावा. आणि वाडी राखणाऱ्याला, बावखल जिवंत ठेवणाऱ्याला मालमत्ता करात सूट द्यावी. शहराचे पाणी तो मुरवतो. मोबदला मागण्याचा त्याला हक्क आहे.

कार्यकर्त्यांनी करण्याजोगे काम भरपूर आहे, आणि त्याला सत्ता लागत नाही. महापालिका कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. दोन-चार मतदानकेंद्रांच्या परिसरातील मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाच्या कामांची मागणी करावी आणि ती नगरसेवकामार्फत पुढे जावी, अशी तिची कल्पना. राज्यातील बहुतेक महापालिकांनी ती गुंडाळून ठेवली आहे. तुळींज, आचोळे, मनवेलपाडा, संतोष भुवन येथे ती भरवण्याची मागणी लेखी द्यावी. प्रत्येक प्रभागातील आरक्षित भूखंडांची यादी माहिती अधिकारात मागवावी आणि ती हातात घेऊन त्या त्या जागेवर जाऊन पाहावे: ताबा कोणाचा, वापर कसला, १२७ ची नोटीस आली आहे काय. शंभर भूखंड असे पाहिले म्हणजे शहराचे जेवढे अर्थशास्त्र कळेल तेवढे कोणत्याही अंदाजपत्रकातून कळणार नाही. मृणालताई १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत गेल्या त्या अशाच वस्तीवस्तीतल्या कामातून, आणि 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना गोरेगावच्या बायकांनी दिले.

आघाडीशी ह्या कामात सहकार्य करावे की विरोध, असा प्रश्न काही तरुण कार्यकर्ते विचारतात. आरक्षणांची यादी ती स्वतः प्रसिद्ध करणार असेल तर सहकार्य. न केल्यास यादी लोकांनी प्रसिद्ध करावी. नव्या आराखड्याचा मसुदा जेव्हा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा नागरिकांच्या हाती ठरावीक दिवसच असतील. नकाशे मोठे असतात, भाषा दुर्बोध असते आणि ते पाहायला मिळतात ते कार्यालयाच्या वेळेत, जेव्हा निम्मे शहर चर्चगेटच्या गाडीत असते. पूर्वीच्या आराखड्याची आरक्षणे एका नकाशावर लावून ठेवण्याचे काम त्याच्या आतच झालेले बरे.